मोतीलालजींची लाकडी पेटी

"ही तिसरी मशीन," धाकटा चिंधू कुरकुरला. "आता बसाले जागा नसन तं मी जमिनीवरच बसतो, ताई."

मे महिन्याची दुपार. सकाळपासून बाबांच्या मागे वर्ध्याच्या गल्ल्या तुडवून जयवंताचेही पाय मोडून आले होते. पण सुट्टीत मशिनी पाहायचा हट्ट तिचाच, त्यामुळे तक्रारीची सोय नव्हती.

बाबांनी, म्हणजे तानबांनी, पुलगावच्या गॅरेजमधली नोकरी सोडली होती. नाचणगावात घराशेजारी स्वतःच्या गॅरेजसाठी पत्र्याची शेड उभी होती. आत लिलावातली जुनी जीप होती आणि तिचे झिजलेले लोखंडी दांडे. नवे दांडे कातायला, लोखंड गरगर फिरवून तासणारा लेथ हवा होता. आधीचे दोन मोडके निघाले. हाही गेला, तर शेडला कुलूपच.

मोतीलालजींनी विकायला काढलेला आपला लेथ चालू केला. लोखंड जिथे पकडतात त्या चकाजवळ वीतभर तुकडा चकचकीत कातला गेला.

"एकदम मक्खन," म्हणत त्यांनी मशीन बंद केली. दमलेल्या तानबांचा हात खिशाकडे गेला.

लेथच्या दुसऱ्या टोकावर एक लाकडी पेटी होती. चिंधूने ती खाली घेतली आणि तिच्यावर बसकण मारली.

"अबे, तिथंच राहू दे ते," मोतीलालजी दचकले.

जयवंताला नवल वाटलं. बाबा तर गॅरेजातल्या लेथवर साधा पानाही ठेवू देत नसत. तिने हत्यार सरकवायचं चाक धरलं. चकाजवळ ते अलगद फिरलं. पेटीच्या जागेपाशी आलं आणि अडलं. दोन्ही हातांनी जोर लावूनही हलेना.

"थकली पोरगी," मोतीलालजी हसले.

"थकली तं हावोच. पण मंग तिकडे हलकं काऊन होतं?"

तानबांनी स्वतः चाक फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"इतकी वर्षं चकापाशीच काम केलं. तिथं झिजली, अन् त्या झिजेवरच कसून ठेवली, म्हणून इकडे न झिजलेल्या जागी अडते. माहा लांब दांडा एकीकडे जाड, एकीकडे बारीक निघन, मोतीलालजी."

पेटी तिथं का होती, ते जयवंताला आता कळलं: तिकडे कोणी चाक नेऊ नये म्हणून. तानबांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

एसटीत जयवंताला रडू येत होतं. आपण ते चाक फिरवलं नसतं तर आज लेथ घरी आला असता.

"माह्या ध्यानात नसतं आलं, बेटा," तानबा हळूच म्हणाले. "उद्या हिंगणघाटले एक पाहाचा हाय. तू येजो."

"अन् हा?" तिच्या खांद्यावर चिंधू घोरत होता.

"त्याले सोडून कसं जमन? बसाची जागा थोच शोधते."