नारळ व्हायचाय अजून

राधानगरीच्या रस्त्यावर दुधाचा टँकर ओढ्यात कलंडला, तेव्हा नुकतं उजाडत होतं. ड्रायव्हर आकारामचा पाय केबिनमध्ये चेमटला. वरनं गाड्या जात होत्या, खाली हा ओरडत होता. दुपारी शेळ्यांमागे आलेल्या एका बाईनं त्याला पाहिलं. तोवर पाय वाचवायची वेळ टळून गेली होती.

टँकरच्या बंपरमागे एक काळा बॉक्स होता. गाडी जोरात आदळली की ऑफिसला आणि डेअरीला फोन लावायचा, एवढंच त्याचं काम. नेमकं तेवढंच त्यानं केलं नाही.

बॉक्स का गप्प बसला, हे शोधायला विमा कंपनीनं निशिगंधाबाईंना पाठवलं. विम्यात येण्याआधी बाईंची निम्मी नोकरी असल्याच बॉक्समधल्या चिपांशी झटण्यात गेली होती. तोंडानं फटकळ. समोरच्याला मूर्ख म्हणायला त्यांना पुरावा लागायचा, पण एकदा मिळाला की त्या आवरायच्या नाहीत.

बॉक्स बनवणारी कंपनी एमआयडीसीत होती. कंपनी म्हणजे काय, एक पत्र्याची शेड आणि शेडपेक्षा मोठी पाटी. मालक धैर्यशीलराव पुढाऱ्यांबरोबरच्या फोटोंखाली बसले होते. स्वतःचे फोटो स्वतःच्या डोक्यावर टांगून घेणाऱ्या माणसाबद्दल बाईंचं मत दारातच ठरून गेलं.

"या मॅडम. तुमचा हेलपाटा वाचवलाय आम्ही," धैर्यशीलराव म्हणाले. "चूक कुणाची ते कळलंय. संध्याकाळी पोलिसात तक्रार देतोय."

"कुणाची चूक?"

"ड्रायव्हरची."

"आकारामची? त्याचा पाय गेलाय."

"तो न्हवं ओ. बॉक्समधला ड्रायव्हर. ही आमची शाहिस्ता मुजावर, हिनं लिहिलेला."

तर या कंपनीत ड्रायव्हर दोन तऱ्हेचे होते. एक गाडी हाकणारा, हाडामांसाचा. दुसरा म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडा. धक्का ओळखणारा सेन्सर आणि बॉक्सचा मेंदू यांची बोलणी हा दुसरा करून द्यायचा. पहिल्याचा पाय गेला होता आणि दुसऱ्याच्या नावानं एका पोरीचं पुढचं सगळं आयुष्य जाणार होतं. पोलिसात नाव गेलेल्या इंजिनिअरला कोण दारात उभं करतंय?

शाहिस्ता कोपऱ्यात उभी होती. खुर्ची रिकामी असून तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"तू बस गं आधी," बाई म्हणाल्या. "आणि सांग. काय लिहिलंस?"

"आधी बॉक्स सेन्सरला सारखं विचारत बसायचा, धक्का बसला का, धक्का बसला का. त्यात बॅटरी खलास व्हायची. मी इंटरप्ट घातला. आता बॉक्स झोपतोय. धक्का बसला की सेन्सर स्वतः हात वर करतोय. हात वर झाला की बॉक्स जागा होऊन फोन लावतोय. फोन लावला की सेन्सरला सांगतोय, हात खाली घे."

"बॉक्सनं सांगितल्याशिवाय हात खाली येत नाही?"

"न्हाई. गाडी बंद केली तरी न्हाई. बॉक्स थेट बॅटरीवर हाय."

बाईंनी मान हलवली. पोरगी मुद्द्याचं बोलत होती. या शेडमध्ये ती बहुधा एकटीच.

"थिअरी झकास हाय," मागून आवाज आला. हा सम्राट, मुख्य इंजिनिअर. गळ्यात ओळखपत्र. आठ माणसांच्या शेडमध्ये ओळखपत्र घालून हा कुणाला ओळख दाखवत होता, देव जाणे. "पण हिचा कोड मधेच झोपतोय मॅडम. मी स्वतः जागेवर जाऊन बॉक्स काढून आणला. टेबलावर एकदम ओके. म्हणजे हार्डवेअरचा दोष न्हाई."

"तुम्ही जागेवर कधी गेला?"

"कळल्या कळल्या. क्रेन यायच्या आधी."

"टँकर ओढ्यात असताना बॉक्स काढला?"

"पुरावा जपायला."

"वायर उपटून पुरावा जपतात, हे मी पहिल्यांदाच ऐकते," बाई म्हणाल्या आणि धैर्यशीलरावांकडे वळल्या. "बाकीच्या टँकरांचे बॉक्स कसे चालतात?"

"एक नंबर. हल्ली एक खोटा अलार्म न्हाई. फक्त नौमान म्हणून एक ड्रायव्हर हाय, त्याच्या टँकरचा बॉक्स खराब हाय. स्पीडब्रेकरवर जरा आदळला की बोंबलतोय. तो बदलणारच हाय आम्ही."

"सगळ्यात सारखाच प्रोग्रॅम?"

"डिट्टो."

"मग नौमानच्या गाडीचं काय वेगळं?"

"काय न्हाई. मी पुण्याला गेलतो तेव्हा ह्यांनी घाईत बसवला. पूजा न्हाई, नारळ न्हाई. मग खराब निघणारच की." हे बोलताना धैर्यशीलराव हसले नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं.

"इतरांना नारळ फोडता? कुठं?"

"बॉक्स ज्या लोखंडी पट्टीवर बसवतोय, त्या पट्टीवरच. चालू केला रे केला की फोडायचा. पहिल्याच कार्यक्रमाला आब्रू गेलती मॅडम. नारळ फुटला आणि बॉक्स कोकलला. डेअरीच्या चेअरमनांच्या फोनवर मेसेज, गाडीला अपघात. गाडी पुढ्यात उभी, गळ्यात हार घालून. सगळा गाव हसला. नंतर तसं कधी झालं न्हाई."

"का झालं नाही?"

"सुधारणा केली की."

सम्राट खोकला. बाईंनी ते खोकणं ऐकलं आणि एवढ्यावर विषय सोडला.

आवारात एक टँकर दुरुस्तीला उभा होता. बाईंनी हातोडी मागून घेतली आणि बॉक्सच्या पट्टीवर घाव घातला. दिवा हिरवा, बॉक्स गप्प. आणखी जोरात घातला, तरी गप्प. मग नौमानला फोन करून त्याच्या बॉक्सवर पाना मारायला सांगितलं. लगेच ऑफिसचा फोन केकाटला. सम्राटनं तो उचलून बंद केला.

"बघा, खराब हाय म्हटलं न्हवं मी," धैर्यशीलराव म्हणाले.

इतका आडमुठेपणा बाईंनी विम्यातसुद्धा क्वचित पाहिला होता.

"आता एक कोरा बॉक्स माझ्यासमोर चालू करा."

बॉक्स बसवायचं काम ज्ञानूकडे होतं. त्यानं टेबलावर नवा बॉक्स ठेवून वायर जोडली. तांबडा दिवा लागला. बाईंनी हात पुढे केला.

"थांबा की मॅडम, नारळ व्हायचाय अजून," ज्ञानू म्हणाला.

बाईंनी टेबलावर पाहिलं, खाली पाहिलं. नारळ कुठंच नव्हता.

"कुठला नारळ?"

"न्हाई, तसं म्हणायचं आमचं. तांबडा दिवा हाय तवर नारळ. हिरवा झाला की झाला नारळ. एक मिनिट लागतंय."

"हे नाव कुणी ठेवलं?"

"सम्राटसरांनीच. म्हणाले, दिवा तांबडा हाय तवर नारळ उरकून घ्यायचा, म्हणजे बोंबलत न्हाई."

सम्राटचा हात नकळत ओळखपत्राच्या दोरीकडे गेला.

"शाहिस्ता, हा मिनिटाचा थांबा तू घातलास?"

"न्हाई. मला ठाऊकच न्हाई. त्या कार्यक्रमानंतर मी गारगोटीला बहिणीच्या लग्नात होतो."

"सम्राट, तुम्ही घातलात?"

"मी तिच्या कोडला हात लावलेला न्हाई."

"बरं. आता सगळे इकडं या. ज्ञानू, तो बॉक्स बंद करून परत चालू कर."

तांबडा दिवा लागताच बाईंनी टेबलावरचा नट-बोल्टांचा डबा उचलून बॉक्सवर आपटला. बॉक्स गप्पच. मिनिटभरानं दिवा हिरवा झाला. आता बाईंनी चांगले चार दणके दिले. तरी गप्प. मग वायर काढून परत जोडली, हात न लावता हिरवा होऊ दिला, आणि एक दणका दिला. ऑफिसचा फोन खणाणायला लागला.

"कळलं कुणाला?" बाईंनी विचारलं. "नसेलच. शाळेचा वर्ग समजा. बॉक्स म्हणजे मास्तर, सेन्सर म्हणजे पोरं. मास्तर हात वर होतानाच बघतो, आधीपासून वर असलेला हात त्याला दिसत नाही. हिनं लिहिलेलं बरोबर होतं. बॉक्स चालू होताच पोरांचे हात खाली करायचे आणि त्याच दमात मास्तरला वर्गात उभं करायचं. या शहाण्यानं मधे एक मिनिट घातलं. हात खाली केले आणि मास्तरला दाराबाहेर थांबवलं, का, तर साहेबांचा नारळ होऊ दे. त्याच मिनिटात पट्टीवर नारळ फुटला. सेन्सरनं हात वर केला. मिनिटानं मास्तर आला, तर हात आधीच वर. मग हात खाली घे म्हणणार कोण? त्या दिवसापासून बॉक्स मेलेला, आणि तुम्ही म्हणताय एक खोटा अलार्म न्हाई. खराच येत नव्हता, तर खोटा कुठनं येणार? नारळ न फोडलेला नौमानचा बॉक्स तेवढा जिवंत, आणि तोच तुम्ही बदलायला निघालाय."

धैर्यशीलरावांनी फोटोंकडे पाहिलं, जणू त्यातला एखादा पुढारी खाली उतरून मध्यस्थी करेल.

"साहेबांनीच सांगितलतं," सम्राट शेवटी म्हणाला. "पुन्हा नारळाला बोंबलला तर नोकरी गेली म्हणून. मी घाईत घातलं. चूक झाली. माणूस हाय."

"साहेबांनी नारळाचं सांगितलं," बाई म्हणाल्या. "वायर उपटायचं कुणी सांगितलं?"

सम्राट ओळखपत्र शर्टाच्या आत सारू लागला.

"मीच सांगते. अपघाताचं ऐकल्याबरोबर तुम्हाला कळलं होतं, हात वर राहिलाय. वायर काढली की सगळं पुसलं जातं, बॉक्स टेबलावर शहाण्यासारखा वागतो आणि बोट हिच्याकडे वळतं. आकाराम ॲम्ब्युलन्समध्ये कण्हत असताना तुम्ही बंपरखाली पाना घेऊन बसला होता. चूक माणसाकडनं होते, मान्य. हे जे केलंत त्याला माझ्याकडं शब्द आहे, पण ही पोरगी इथं बसलीय म्हणून गिळते. संध्याकाळी पोलिसात जायचंच आहे ना? मी येते बरोबर. नाव तेवढं बदला."

धैर्यशीलराव उठले. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी शाहिस्ताकडे तोंड करून बोलायचं ठरवलं.

"जाऊ दे पोरी. झालं गेलं. ते मिनिट काढून टाक, सगळ्या गाड्या बोलावून घेऊ. कुणाला काय कळायची गरज न्हाई."

शाहिस्ता उठली.

"मिनिट काढतो सर. आजच काढतो. पण आकारामभाऊ काल मला विचारत होते, ताई, मी इतका ओरडलो, तुमचा बॉक्स का ओरडला न्हाई. मी म्हटलं, बघून सांगतो. आता कळलंय. त्यांना तुम्ही सांगणार का मी सांगू?"

ऑफिसचा फोन अजून वाजत होता. कुणी उचलून ‘ऐकलं’ म्हणेपर्यंत तो वाजतच राहायचा, तसंच शाहिस्तानं लिहिलं होतं. ज्ञानू बंद करायला निघाला, तर निशिगंधाबाईंनी त्याला हातानं अडवलं.

"तू नाही," त्या म्हणाल्या. "साहेब उचलतील."