डावीकडे कलणारी मान

मुळा शिजल्याचा वास देवळाच्या स्वयंपाकघरातून थेट सभामंडपात येत होता. जपानातल्या नोतोच्या किनाऱ्यावरच्या त्या कोळीगावात बौद्ध पंथाच्या मूळगुरूंच्या पुण्यतिथीला मुळा आणि तळलेला तोफू ठरलेला, आणि दुपारी गेन्शोबुवांचं गाऊन सांगितलेलं प्रवचनही ठरलेलं. यंदा प्रवचनाचंच तेवढं धड ठरत नव्हतं.

"आज जमलं तर उत्तमच," मंडळाचे म्होरके हिरामात्सु चहा पुढे करत म्हणाले. "नाहीतर पुढच्या खेपेला शहरातून कुणाला बोलावू. राग मानू नका, बुवा."

"रागवायला तरी आवाज हवा ना," बुवा हसले.

गळ्याला काही झालं नव्हतं. बायको गेली होती, सावाए, वसंतात.

त्या गावात प्रवचनकाराच्या तोंडाकडे कुणी बघत नसे. मान खाली, डोळे मिटलेले, हात जोडलेले, तशी रीतच होती. वर बघायची ती एकटी सावाए, दुसऱ्या खांबाजवळ बसून. लहानपणी आखडलेली तिची मान हलताना जराशी डावीकडे कलायची. ती मान डोलली की बुवा सूर लांबवत. तिने ती नकारार्थी हलवली की समजायचं, लोकांचे पाय अवघडलेत, आवरा. घरी कितीही खटके उडालेले असोत, मंडपात ती मान कधी चुकली नाही.

त्या खांबाजवळ आजही आसन होतं. देवळात आसनं घालणाऱ्या योनेआजीने मांडलेलं.

"सवयीने मांडलं हो," ती ओशाळली. "उचलू का?"

"राहू दे."

बुवा उंच खुर्चीवर बसले. हातातला घडीचा पंखा मिटून गुडघ्यावर ठेवला आणि आंधळ्या आईची कथा लावली. मुलाची होडी वल्ह्याच्या आवाजावरून ओळखणारी ती आई. पहिलीच ओळ घशात अडकली. दुसरी फाटली. पुढ्यातल्या पिकल्या केसांतून कुणीतरी हळूच खाकरलं.

बुवांनी सवयीने खांबाकडे पाहिलं. आसन रिकामं होतं.

मग हिरामात्सुंची मान वर आली. डोळे मिटलेलेच होते. मान एकदा डोलली. जराशी डावीकडे.

सूर लागला.

योनेआजीची मान डोलली. तिच्या शेजारणीची, मागच्या रांगेची, दारातल्या कोळ्यांची. सगळ्या डावीकडे कलत होत्या. बुवांच्या गळ्यातून सूर वाहू लागला. असं ते तरुणपणीही गायले नव्हते. "नामान्दा, नामान्दा" असा बुद्धाचा नामघोष भरतीसारखा चढत गेला.

होडी किनाऱ्याला लागली. आई मुलाला भेटली. कथा संपली.

माना डोलतच होत्या.

बुवांनी पुन्हा भेट गायली. मग पुन्हा. घशात रक्ताची चव आली. आता मान आधी डोलायची आणि शब्द मागून यायचा. शब्द त्यांचे नव्हते. आई होडीत बसली. होडी वळली. आईने विचारलं, किनाऱ्यावर कोण राहिलं?

आवरू दे, ते मनात म्हणाले. सावाए, आवरू दे.

साऱ्या माना एकदम थांबल्या. नकारार्थी हलल्या. खाली गेल्या.

"काय आवाज हो, बुवा," हिरामात्सु डोळे पुसत म्हणाले. "शहराचं नाव काढणार नाही आता. मान वर करायचीसुद्धा शुद्ध नव्हती कुणाला."

"कुणीच केली नाही?" बुवांनी विचारायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.

मंडप रिकामा झाला. सून नात्सुकी चपला घालून दाराशी उभी राहिली.

"बाबा, तुम्ही थांबताय का इथे? मी पुढे होऊ?"

नको, थांब, त्यांना म्हणायचं होतं. आवाज नव्हता. त्यांनी जोर लावून नकारार्थी मान हलवायला घेतली.

मान डोलली. जराशी डावीकडे.

"बरं," नात्सुकी म्हणाली.

रीतीप्रमाणे तिने कमरेत वाकून निरोप घेतला. एकदा त्यांच्याकडे बघून.

मग खांबाजवळच्या आसनाकडे बघून.