सोसणाऱ्याचा आकडा

रेवती तांडेलच्या मनगटावरच्या जाचमापीने शून्य दाखवलं आणि खांबेटे साहेबांच्या जाचमापीने ब्याण्णव. म्हणजे यंत्राच्या मते छळणारी रेवती होती!

रत्नागिरीच्या त्या खाऱ्या पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रातच काय, राज्यातल्या प्रत्येक कचेरीत आता मनगटावर ही पट्टी सक्तीची होती. अपमान झाला की मेंदूत मार बसल्यासारखीच खळबळ उठते, घामातली रसायनं बदलतात, नाडी धावते. जाचमापी ते मोजायची आणि त्या क्षणी कोणाचा आवाज कानावर पडत होता, तेही टिपायची. ज्याच्या आवाजाने दुसऱ्याचा आकडा चढेल, त्याची बदली. साक्षी नकोत, चौकशी नको. कायदा कसा सरळ!

सरळ म्हणे. रेवती मासेमारांच्या घरातली. ती सकाळच्या बैठकीला आली, की खांबेटे रोज म्हणत, "खिडक्या उघडा हो, बंदर आलं!" आणि अख्खा विभाग खिदळे. वर्षानुवर्षं हेच. परवा मात्र ती एकदाच म्हणाली, "साहेब, एवढा वास येतो तर तुम्हीच बाहेर बसा ना." झालं! साहेबांची पट्टी किंचाळली आणि रेवतीच्या हाती थेट गडचिरोलीचा हुकूम पडला. घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला कोण बघणार?

ती तडक जाचमापी बनवणाऱ्या डॉ. नसीमा मुकादमांकडे गेली.

"मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय."

"नाही हो. रोज हाताने भाकरी उलटणाऱ्या बाईला चटका बसतो का? शरीर सरावतं. तुम्हाला त्यांचं बोलणं आता लागतच नाही. त्यांना मात्र उलट उत्तराची सवय नाही."

"म्हणजे मी सोसलं, हाच माझा गुन्हा?"

"अपील करता येईल. काही महिने रजा घ्या, आम्ही उपचार करू. मन पुन्हा हळवं झालं, की त्याच बैठकीत जाऊन बसा. आकडा नक्की चढेल."

"बरं व्हायचं, ते परत त्यांच्याकडून दुखवून घ्यायला?"

"पुरावा नको का, रेवतीताई? आणि थोडं सोसायला काय हरकत आहे? तुम्हाला सवय आहेच."

रेवतीच्या मनगटावरची पट्टी पहिल्यांदाच किंचाळली. दोघींनी खाली पाहिलं. आकडा शहाण्णव. त्याखाली जाच देणाऱ्याचं नाव: नसीमा मुकादम.

डॉक्टरांचा हात घाईने पट्टीवरच्या नोंद पुसायच्या बटणाकडे आला. रेवतीने मनगट ओढणीत घट्ट गुंडाळून घेतलं आणि कितीतरी वर्षांनी ती हमसून हमसून रडू लागली.