मागली डावी जागा

डोंगरकड्याच्या माणिकरावांची मोटार जागची हलताना थरथरायची. क्लचचं पेडल कितीही अलगद सोडा, हीव भरल्यासारखी गदगदायची आणि बंद पडायची. तांड्यावरच्या भावसिंग मिस्त्रीनं कालपासून तिच्या पोटाखाली पडून कंबरेचा पार भुगा करून घेतला होता. क्लचप्लेटला तेल लागलं असेल म्हणून ती काढली, तर तेलाचा थेंब नाही. घासली, बसवली. इंजिनाचे बोल्ट आवळले. माणिकराव नेहमीसारखे मागं डावीकडं बसले, तर थरथर होती तशीच. आता त्याला चीडही येत नव्हती. कुठंतरी पाठ टेकावी एवढंच वाटत होतं.

पण माणिकरावांच्या बायकोला, द्वारकाबाईला, सकाळपासून कळा येत होत्या. मूल आडवं होतं. सुईण सखुबाईनं हात टेकले होते. हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीत ती टिकली नसती.

मागं दोघींपुरतीच जागा होती. द्वारकाबाईला उजवीकडं टेकवलं, डावीकडं सखुबाई बसली, पुढं भावसिंगच्या शेजारी माणिकराव. मोटार गदगदली, बंद पडली. पुन्हा तेच. सखुबाई पाणी आणायला उतरली, तेवढ्यात भावसिंगनं पेडल सोडून पाहिलं. मोटार मुकाट पुढं सरकली.

सखुबाई चढली, की थरथर. उतरली, की काही नाही. द्वारकाबाईला डावीकडं घेतलं, तरी थरथर. त्या बाजूच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा थकला असेल, अशी भावसिंगनं स्वतःची समजूत घातली.

"डावीकडं कुणी बसू नका, मालक."

"अडलेल्या बाईला बाईमाणसाबिगर धाडायचं?" सखुबाई म्हणाली. "रीत न्हाई ती."

"रीत बघू का जीव बघू, मावशी?" भावसिंग म्हणाला.

सखुबाईनं रिकाम्या जागेकडं पाहिलं. "थोरली बी तिथंच बसली व्हती," ती माणिकरावांना हळूच म्हणाली. थोरली म्हणजे त्यांची पहिली बायको. तीही बाळंतपणालाच निघाली होती आणि वाटेतच, पोटातल्या लेकरासकट, गेली होती.

सखुबाईला खालीच उभी ठेवून माणिकरावांनी दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "चल, भावसिंग."

निम्म्या वाटेत द्वारकाबाईचं कण्हणं थांबलं. भावसिंगनं वेग कमी केला.

"बाई, बऱ्या हाव ना?"

"व्हय," मागून आवाज आला. "ह्या पाठ चोळून ऱ्हायल्या ना."

माणिकरावांनी मागं वळून पाहिलं नाही. भावसिंगनंही नाही.

दवाखान्यापाशी द्वारकाबाईला उचलून आत नेलं. भावसिंगची नजर सवयीनं पाट्यांवर गेली. डावी बाजू अजून दबलेली होती.

मग ती सावकाश वर आली.

दिवेलागणीला दवाखान्यातली आया बाहेर आली. पोरगा झाला होता. दोघंही सुखरूप होती. माणिकराव पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. भावसिंगनं भिंतीला पाठ टेकली. त्याला फार बरं वाटलं.

आया तिथंच घुटमळली.

"तुमच्या सोबतच्या बाईंना तेवढं समजावता का?" ती म्हणाली. "लेकरू मांडीवर घेऊन बसल्यात. आईपाशी द्या म्हटलं, तर न्हाईच देऊन ऱ्हायल्या."