ओढ्याकाठची माती

पिशवीचं तोंड सोडलं आणि मातीबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

मातीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत उभी हयात गेल्यावर लोकांनी ते चिकटवलं, आणि आता तर नवराही घरात त्याच नावाने हाक मारायचा. त्यांनी मूठभर माती उचलली. बोटांच्या फटींतून ती पिठासारखी भुरभुर खाली आली. कोरडी ठणठणीत, चाळलेली. एक खडा नाही की एक मूळ नाही.

"अगं बाई! ही कुठली?"

काल दुपारी ओढ्याकाठच्या रानात त्यांनी स्वतःच्या हाताने खणलं होतं. माती ओली, चिकट. खुरप्याला सोडता सोडेना. वर मिठासारखी पांढरी खपली, आत कुजका वास. मुळांची गुंतवळ निघाली आणि पोत्याच्या निळ्या सुतळीचा एक तुकडा. "तो तरी काढून टाका," शेतमालकीण ताई म्हणाल्या होत्या. मातीबाईंनी ऐकलं नाही. जे निघेल ते पिशवीत, निवडायचं ते प्रयोगशाळेत. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी पिशवीवर लाखेचं सील ठोकलं.

आज सकाळी ते सील जसंच्या तसं होतं. आतली माती मात्र दुसरीच होती.

रंग तोच, काळाभोर. दुसरा कोणी फसलाही असता.

प्रकरण साधं नव्हतं. ताई या निवडणुकीत आमदारांच्या विरोधात उभ्या होत्या, आणि प्रत्येक सभेत एकच गोष्ट सांगत होत्या: आमदारांच्या कारखान्याचं पाणी ओढ्यात सोडतात, त्याने आमच्या जमिनी मेल्या. आमदारांनी तक्रार ठोकली. म्हणे जमीन उत्तम आहे, बाईंनाच शेती जमत नाही. निवडणूक अधिकाऱ्यांनी निकाल मातीवर सोडला. आज दुपारी रिपोर्ट. माती चांगली निघाली, तर ताईंनी जाहीर माफी मागायची आणि तोंड बंद ठेवायचं. दुसरा नमुना घ्यायचाच झाला तर मतदानानंतर. तोवर कारखान्याच्या परवान्याला मुदतवाढ मिळून जाणार, आणि ओढ्याकाठचं सगळं रान हातचं जाणार.

रिपोर्टवर सही मातीबाईंची.

त्या तडक सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. मातीबाईंना हे काम शिकवलं ते त्यांनीच.

"सर, नमुना बदललाय."

सरांनी चष्मा काढला. "सील?"

"शाबूत आहे."

"मग बदलला कसा? आणि नमुन्यांचं कपाट तर तूच लावलं होतंस ना?"

"लावलं होतं. दुसरी किल्ली बाहेर खिळ्याला असते. सीलचा ठसा तुमच्या खणात."

"खणाला कुलूप नाही, तुला माहीतच आहे." सर उठले. खिडकीत ऊन आलं होतं. तिथली मोठी काचेची बरणी त्यांनी उचलली आणि फायलींच्या मागे सावलीत सरकवली. बरणीची काच धुरकट दिसत होती. ही बरणी सगळ्या ऑफिसला पाठ होती. सरांच्या पहिल्या नेमणुकीत, कारखान्याचा पत्ताही नव्हता तेव्हा, त्यांनी ती माती आणली होती. नवीन माणूस आला की त्याला बरणी दाखवायचे आणि म्हणायचे, अशी माती आता शोधून सापडणार नाही.

"काल उशिरापर्यंत कोण होतं इथे?" मातीबाईंनी विचारलं.

"मी होतो. आणि ड्रायव्हर जीप धूत होता." सर चष्मा पुसू लागले. "त्याचा मेव्हणा आमदारांची पोस्टर लावतो. मी आपलं सांगून ठेवतो."

"ठीक."

"आणि ऐक. चौकशी होईल तेव्हा होईल. नमुना तुझ्या ताब्यात होता. बदलला म्हणालीस तर पहिली मान तुझी जाईल. पिशवीत जे आहे ते तपास, सही कर, मोकळी हो."

मातीबाई वळल्या आणि थेट बाहेर पडल्या.

ड्रायव्हर जीपपाशी उभा होता. त्यांना बघूनच तो चपापला.

"काल कपाट उघडलंस?"

"नाही हो मॅडम! आईशप्पथ!"

"मेव्हणा काय करतो?"

"पोस्टर लावतो. आमदारांचीही लावतो आणि ताईंचीही. पैसे देईल त्याची लावतो, त्याला काय!" तो रडकुंडीला आला. "आता माझ्या गळ्यात मारणार का हे?"

"कोण मारतंय ते बघतेच मी. काल निघताना काही दिसलं?"

"सरांच्या केबिनमधला दिवा. दुसरं काही नाही."

त्या परत टेबलाशी आल्या आणि त्यांनी माती तपासली. क्षार बेताचे, सेंद्रिय कर्ब भरपूर. फक्कड माती! असं रान मिळालं तर कोणीही उड्या मारेल. मग त्यांनी कपाटातल्या आणि मांडणीवरच्या साऱ्या पिशव्या उघडून पाहिल्या. तांबडी होती, करडी होती, भुरकी होती. अशी काळीभोर चिकण माती एकाही पिशवीत नव्हती.

त्या स्टुलावर टेकल्या. चाळलेली माती. जुनी, वाळून खडखडीत झालेली. आणि ऊन लागताच धुरकट झालेली काच.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांना इतका राग आला की हातातली परीक्षानळी त्यांनी जपून खाली ठेवली, नाहीतर फुटली असती.

दुपारी सरांच्या केबिनमध्ये निवडणूक अधिकारी येऊन बसले. ताई आल्या, चप्पल चिखलाने भरलेली, तशाच शेतातून. ड्रायव्हरला मातीबाईंनीच आत बोलावलं. तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"रिपोर्ट?" अधिकारी म्हणाले.

"पिशवीतली माती उत्तम आहे."

ताई ताडकन उठल्या. "काय बोलताय? तुम्ही स्वतः खणलंत! तुमच्या नाकाला वास आला होता!"

"बसा ताई. पिशवीतली म्हणाले. तुमच्या रानातली नाही म्हणाले."

सर हसले. "ती दमली आहे, साहेब. मी सांगतो. ड्रायव्हरने..."

"ड्रायव्हरने बदलली असती तर त्याने काय केलं असतं?" मातीबाईंनी त्यांना पुरतं बोलूच दिलं नाही. "कुठल्यातरी रानातून फावडंभर उचलली असती. ती ओली असती, तिच्यात खडे, मुळं, काडीकचरा असता. ही माती सावलीत वाळवलेली आहे, लाकडी मोगरीने कुटलेली आहे, चाळलेली आहे. हे फक्त प्रयोगशाळेत होतं."

"मग इथल्याच पिशवीतली घेतली असेल त्याने," सर म्हणाले.

"सगळ्या पाहिल्या. हा रंग एकीतही नाही. ऑफिसात अशी माती एकाच ठिकाणी होती."

त्यांनी फायली बाजूला केल्या आणि बरणी टेबलावर आणून ठेवली.

"ही? ही तर भरलेली आहे," अधिकारी म्हणाले.

"भरलेलीच असणार. पिशवीतली काढलेली माती टाकायची कुठे? अंगणात टाकली तर कोणीतरी बघणार. आणि रोजची बरणी रिकामी दिसली तर दहा जण विचारणार. म्हणून आतली पिशवीत गेली, पिशवीतली आत आली. आता काच बघा, साहेब."

काचेला आतून दव धरलं होतं. एक थेंब ओघळत खाली चालला होता.

"इतकी वर्षं वाळलेल्या मातीला पाणी सुटतं का कधी? ओली माती झाकणबंद करायची नाही, हे मला कोणी शिकवलं, सर?"

सरांचा हात झाकणाकडे गेला, पण मातीबाईंनी बरणी आधीच ओढून घेतली होती. झाकण फिरवलं. कुजका वास केबिनभर पसरला आणि अधिकाऱ्यांनी रुमाल काढला. मातीबाईंनी आत बोटं घातली. मुळांच्या गुंत्यातून निळ्या सुतळीचा तुकडा बाहेर आला.

"माझ्या पोत्याची!" ताई ओरडल्या.

दाराशी ड्रायव्हरने सुस्कारा सोडला. मग सरांकडे बघून म्हणाला, "मी तुमच्या मुलीच्या लग्नात गाडी चालवली होती, साहेब."

सर खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "राज्याच्या मृदा मंडळाचं अध्यक्षपद देतो म्हणाले आमदार. निवडणूक झाली की लगेच." मग त्यांनी मान वर केली. "आणि कारखान्यावर किती चुली पेटतात ते तुला माहीत आहे? उद्या बंद पडला तर तू घालणार आहेस त्यांना जेवायला?"

"कारखाना बंद करा कोण म्हणतंय? पाणी शुद्ध करून सोडा म्हणतोय आम्ही," ताई म्हणाल्या. "तेवढंही जड झालं?"

"तुझी बदली होईल," सर मातीबाईंना म्हणाले. "आमदार सोडणार नाहीत तुला."

"होऊ दे! करा कुठे करायची तिथे. मी काय शेपूट घालून सही करीन असं वाटलं तुम्हाला? तुम्हीच शिकवलेली आहे मी." त्यांनी पिशवी पुढे ओढली. "सर, ती जुनी माती तुम्ही कुठून आणली होती? ओढ्याकाठाहूनच ना?"

सरांची मान खाली गेली.

"म्हणून तर रंग जुळला. साहेब, ताई सांगतात आमची जमीन चांगली होती, आमदार विचारतात पुरावा काय. पुरावा नव्हताच. कारखान्याआधीची ती माती जगात एकाच बरणीत होती, आणि कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. सरांनी ती स्वतःच्या हाताने पिशवीत भरून माझ्यापुढे ठेवली. मी ती तपासली आहे. कालची आता तपासते. दोन्ही रिपोर्ट शेजारीशेजारी लावा."

ताई मटकन खाली बसल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. "आमची अशी होती," त्या पुटपुटल्या. "सासरे सांगायचे, कोणाला खरं वाटायचं नाही."

अधिकाऱ्यांनी बरणी आणि पिशवी ताब्यात घेतल्याचा पंचनामा तिथेच सुरू केला. तपासणीही त्यांच्या समोरच होणार होती.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सरांनी त्याच्या छोट्या पडद्यावरचा नंबर पाहिला आणि हात मागे घेतला. फोन वाजतच राहिला. शेवटी मातीबाईंनी उचलला.

"हो, प्रयोगशाळाच... नाही, सर कामात आहेत. मी बोलतेय, मातीबाई... रिपोर्ट ना? एक झालाय, आमदारसाहेब. तुमच्या मनासारखा आहे, माती एकदम झकास. दुसरा संध्याकाळपर्यंत होईल. दोन्ही एकदमच पाठवते, आणि गावात चावडीवरही लावते."

पलीकडचा आवाज चढला. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला, परातीवर स्वच्छ कागद पसरला आणि अधिकाऱ्यांच्या देखत ओली माती त्यावर पातळ पसरवायला घेतली.