तीन पितळी बटणं

सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, बंदराच्या तीन नंबरच्या धक्क्यावर, लष्कराच्या एका लेफ्टनंट तरुणीने नौदलाच्या एका चीफला सॅल्यूट केला. नियमाप्रमाणे तो उलट्या दिशेने व्हायला हवा होता.

चीफ म्हणजे जहाजावरच्या खलाशांमधला सगळ्यात वरचा, पण खलाशीच. अधिकारी नव्हे. लष्करात त्याच्या तोलाचा माणूस तिला पाहून टाचा जुळवतो. पण तिला हे कुठून माहीत असणार? प्रशिक्षणात नौदलाच्या पदचिन्हांचा तक्ता एका तासात उरकला होता, तेही जेवणानंतरच्या. तिने पाहिलं ते एवढंच: अधिकाऱ्यासारखी उंच टोपी, आणि काळ्या बाहीवर मनगटापाशी तीन पितळी बटणं. लष्करात तीन तारे म्हणजे कॅप्टन. तिच्या खांद्यावर दोनच होते, तेही सहा आठवड्यांपूर्वी लागलेले. तिने तीन चकाकत्या वस्तू मोजल्या आणि हात कपाळाला गेला.

“गुड मॉर्निंग, सर.”

चीफने तोंड उघडलं. त्याच क्षणी क्रेन घरघरली. चौदा वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी सॅल्यूट केला नव्हता, आणि समोरचा हात वाऱ्यात ताठ थांबला होता... उत्तराची वाट पाहत. त्याचा हात आपोआप वर गेला.

सगळं इथे बिघडलं.

काम साधं होतं. तिच्या डेपोतून तंबू, पाण्याचे पंप, तारांची भेंडोळी यायची. ती यादी वाचायची, तो पेट्यांवर खडूने खूण करायचा आणि सामान त्याच्या जहाजात चढायचं. दोर आणि डिझेलचा वास, डोळ्यांवर येणारं ऊन, आणि यादीवरून एकाच वेळी वर उठणाऱ्या दोन नजरा. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण यादी मुद्दाम हळू वाचतोय. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं.

“एक विचारू, सर?”

“विचारा.”

“तुमचा सॅल्यूट असा का? तळवा खाली. काही लपवताय की काय?”

“जुने लोक सांगतात, डोलकाठीच्या जहाजांवर हात डांबराने काळे व्हायचे. वरिष्ठांना काळे हात दाखवायचे नाहीत, म्हणून तळवा खाली. आणि तुमचा उघडा का?”

“हातात हत्यार नाही, हे दाखवायला.”

“असं होय. म्हणजे तुमच्याकडून धोका नाही.”

“ते मी सांगितलेलं नाही,” ती म्हणाली, आणि यादीत तोंड खुपसलं. मग थोड्या वेळाने, यादीतूनच – “बघू... काळे आहेत का?”

त्याने तळवा पुढे केला. खडूने पांढरा होता. तिने बोट लावलं नाही. फक्त पाहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

तो तिला कोणत्याच नावाने हाक मारत नसे. ‘मॅडम’ म्हटलं तर बिंग फुटलं असतं, आणि दुसरं काही म्हणायला जीभ धजत नव्हती. रोज सकाळी तो ठरवून यायचा की आज सांगायचं. रोज ती ‘सर’ म्हणायची आणि सांगणं उद्यावर जायचं.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी नौदलाचा एक नवा अधिकारी जहाजावरून उतरला. खांद्यावर एकच पट्टी, गाल अजून गुळगुळीत. त्याला पाहताच चीफने टाचा जुळवून कडक सॅल्यूट केला. एकपट्टीवाल्याने टोपीला बोटं लावली. “चीफ, माझी ट्रंक वर पोचवा,” म्हणाला आणि निघून गेला.

ती यादी हातात घेऊन उभी होती. वारा कागद फडफडवत होता.

“चीफ,” शेवटी ती म्हणाली. शब्द नवा असल्यासारखा. “अकरा दिवस ‘सर’ म्हणवून घेतलंत.”

“म्हणवून घेतलं नाही, मॅडम. तुम्ही म्हणालात... मी थांबवलं नाही.”

“फरक काय?”

“दोन वर्षांचा. म्हणवून घेतलं तर तोतया अधिकारी म्हणून आत जाईन.”

तिला हसू आलं नाही. तिने यादी पेटीवर ठेवली, वरती दगड ठेवला आणि चालू लागली. दोन दिवस डेपोतून हवालदार येत राहिला. तिसऱ्या दिवशी ती स्वतः आली.

“रागवायला मला तीन दिवस पुरतील असं वाटलं होतं. दीडच पुरला.”

“मग बाकीचा दीड?”

“नियमांचं पुस्तक वाचत होते.” ती थांबली. “काही सापडलं नाही. कुठल्याच पानावर...”

सापडण्यासारखं नव्हतंच. अधिकारी आणि खलाशी, अधिकारी आणि जवान – एका टेबलावर नाहीत, एका छताखाली नाहीत, एका घरात तर नाहीतच. सेना कोणतीही असो, नियम एक. तिच्या मेसमध्ये त्याला प्रवेश नव्हता, त्याच्या कँटीनमध्ये तिला. आता तो तिला ‘मॅडम’ म्हणायचा, कामापुरता, आणि त्या एका शब्दाने दोघांत जणू लोखंडी जाळी उभी राहायची. ‘सर’चे अकरा दिवस खोटे होते, पण निदान तेव्हा ती दोघं बोलत तरी होती.

बंदराच्या या तीरावरून त्या तीरावर नागरिकांची फेरीबोट जायची. वीस मिनिटं जायला, वीस यायला. रविवारी साध्या कपड्यांत दोघं त्या बोटीवर, मागच्या बाकावर बसली. तिथे तिच्या खांद्यावर तारे नव्हते, त्याच्या बाहीवर बटणं नव्हती.

“इथे काय म्हणू तुम्हाला?” त्याने विचारलं.

“तू म्हण.”

“जमेल असं वाटत नाही.”

“प्रयत्न तर करा... कर.”

दोघंही हसली. किनारा येईपर्यंत त्याने प्रयत्न केला नाही. परतीच्या फेरीत, इंजिनाच्या आवाजाआडून, एकदाच म्हणाला – “तुला थंडी वाजतेय का?” ती नाही म्हणाली आणि जवळ सरकली.

असे चार रविवार मिळाले. चौथ्या रविवारी त्याचा हात तिच्या हातात असताना एकपट्टीवाला आपल्या आईला घेऊन बोटीवर चढला. त्याचं लक्ष आईच्या पायांकडे होतं. फळीवरून ती घसरू नये म्हणून. त्याने या दोघांना पाहिलंही नसतं. साध्या कपड्यांत, गर्दीत, कोण कुणाला ओळखतं? पण चीफने पाहिलं. आणि चौदा वर्षांच्या सवयीने तिचा हात सोडला, ताडकन उठला, हात पँटच्या शिवणीला लावून सावधान उभा राहिला.

अख्ख्या बोटीत तो एकटाच उभा होता.

“बसा, चीफ,” एकपट्टीवाला गोंधळून म्हणाला. मग त्याची नजर बाकाकडे गेली. हिला त्याने धक्क्यावर रोज पाहिलं होतं.

“मी उठायला नको होतं,” उतरताना चीफ म्हणाला.

“तू हात सोडायला नको होतास.” त्या दिवशी ती एवढंच बोलली.

मंगळवारी सकाळी दहाला तिच्या डेपोच्या कर्नलनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. दार स्वतः लावलं, तिला बसायला सांगितलं, आणि टाईप केलेला कागद पुढे सरकवला.

“हे बघ, तुझी बाजू सरळ आहे. त्याने अधिकारी असल्याचं भासवलं. तू नवी, तुला चिन्हं कळली नाहीत. पहिल्या दिवशी तू त्याला सॅल्यूट केलास हे पाहणारे चारजण आहेत. सही कर, आणि प्रकरण तुझ्यापुरतं संपलं.”

“आणि त्याच्यापुरतं, सर?”

“तोतयेगिरीचा खटला चालेल. नोकरी तर गेलीच.”

“सही नाही केली तर?”

“तर तू जाणूनबुजून एका खलाशाबरोबर फिरत होतीस. मग तारे उतरवायची तयारी ठेव.” कर्नलनी चष्मा काढला. “दोघांना वाचवणारा कागद माझ्याकडे नाही. असता तर तोच दिला असता. गुरुवारपर्यंत विचार कर.”

बुधवारी धक्क्यावर शेवटची खेप होती. आजूबाजूला माणसं होती, म्हणून दोघं पेट्या मोजत बोलली.

“एकोणीस, वीस... सही करा, मॅडम.”

“हुकूम देताय?”

“मला अधिकार कुठला? विनंती आहे. मी बोटीवरही काम करू शकतो, गोदामातही. तुम्हाला ते तारे परत कुणी देणार नाही. एकवीस.”

“आणि मी सही केली, तर तू मला काय समजशील?”

“शहाणी.”

“बावीस,” ती म्हणाली. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाली, “बावीस.”

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. बाबा तीस वर्षं लष्करात ड्रायव्हर होते. अधिकाऱ्यांसाठी गाडीचं दार उघडून उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तिला तारे लागले त्या दिवशी, मैदानावर, सगळ्यांसमोर त्यांनी लेकीला सॅल्यूट केला होता. घरी येऊन मग खूप वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसले होते.

“बाबा, समजा... तारे काढावे लागले तर?”

“काही खाल्लंस का?”

“बाबा.”

“चोरी केलीस?”

“नाही.”

“कुणाचा जीव घेतलास?”

“नाही. तो... चीफ आहे. नौदलात. खलाशी.”

“माझ्यासारखाच म्हण की,” बाबा म्हणाले. त्यात आनंद होता की मोडून पडणं, तिला कळलं नाही. मग ते म्हणाले, आईला सांगू नकोस, मी बघतो, आणि फोन ठेवला.

गुरुवारी अकरा वाजता चौकशी मंडळ बसलं. एक लांब टेबल, तीन वरिष्ठ, खोलीच्या दोन टोकांना दोन बाकं. एका बाकावर ती, दुसऱ्यावर तो. आपसात बोलायला मनाई. कर्नलांचा कागद तिने सही न करता परत केला होता आणि स्वतःचा जबाब लिहून दिला होता. त्यानेही लिहून दिला होता. एकाने काय लिहिलंय हे दुसऱ्याला माहीत नव्हतं.

कारकुनाने आधी त्याचा वाचला. सामानाची यादी वाचावी तसा, एका सुरात. “मी अधिकारी नाही हे लेफ्टनंट मॅडमना शेवटपर्यंत कळलं नाही. बोटीवरही त्या मला अधिकारीच समजत होत्या. मी त्यांना फसवलं. त्या ‘सर’ म्हणायच्या तेव्हा मला बरं वाटायचं. याहून वेगळं कारण नाही. त्यांचा काही दोष नाही.”

मग तिचा. “चीफ अधिकारी नाहीत हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. त्यांनी मला फसवलेलं नाही. बोट मीच सुचवली. हात मीच धरला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा धरेन.”

कारकून शेवटच्या वाक्यापाशी अडखळला, पण आवाज बदलला नाही. ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्याने टोपी मांडीवरून उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. एकमेकांना जे कधी सांगितलं नव्हतं ते त्यांनी असं ऐकलं – परक्या माणसाच्या तोंडून, तीन साक्षीदारांदेखत, प्रत्येक पानाखाली सही असलेलं.

अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “हे दोन्ही खरे असू शकत नाहीत. खोटं कोण बोलतंय?”

दोन्ही बाकं एकदम वाजली. दोघंही उभी राहिली होती.

अध्यक्षांनी थोडा वेळ दोघांकडे पाहिलं आणि निकाल राखून ठेवला. त्याला थेट जहाजावर नेलं. जहाज चारला सुटलं. तिला त्याच दिवशी बदलीचा हुकूम मिळाला – किनाऱ्यापासून नऊशे किलोमीटर आत, कोरड्या पठारावरच्या एका डेपोत. निकाल लागेपर्यंत एकमेकांना पत्र नाही, फोन नाही.

आज सव्विसावा दिवस. तारे अजून तिच्या खांद्यावर आहेत. ती दर सोमवारी मंडळाच्या कचेरीत फोन करते. या सोमवारीही केला.

“फाईल वर गेलीय, मॅडम,” कारकून म्हणाला.

“वर म्हणजे कुठे?”

“ते आम्हाला कळवत नाहीत.” मग, तिने फोन ठेवला नाही म्हणून, थोडं थांबून – “चीफचाही फोन आला होता. जहाजावरून, शनिवारी. त्यांनीही हेच विचारलं. त्यांनाही हेच सांगितलं.”

जहाज परत कधी येणार, हे नौदलाने अजून जाहीर केलेलं नाही.