नखभर फट

जेवणाच्या टेबलावर बाबांनी फडक्यातून बोटीवर लावायची पितळी पाटी बाहेर काढली आणि थोरलीचा घास हातातच राहिला... सुबक अक्षरांत कोरलं होतं, 'बांधणी : वडील आणि चिरंजीव'.

तिने पुन्हा वाचलं. अक्षरं तीच राहिली.

सहा वर्षं! सहा वर्षं नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणि बाबा त्या छोट्याशा वाफेच्या बोटीशी झुंजत होते. चिखलातून ओढून काढला तेव्हा नुसता गंजका सांगाडा होता तो! बॉयलरच्या नळ्या तिने एकेक करून बदलल्या, दोन्ही बाजूंची वल्ह्यांची चाकं नव्याने जोडली, आणि जुन्या घट्ट ठोकलेल्या फळ्यांऐवजी पाण्यात शिरताना आपोआप सरळ वळणाऱ्या फळ्या बसवल्या. ती कल्पनासुद्धा तिचीच. बाबांचे गुडघे गेले होते, एकट्याने त्यांना जमलं नसतं, म्हणून गोदीतली चालून आलेली नोकरी तिने हसत हसत नाकारली होती. आणि धाकटा? तो तीन आठवड्यांपूर्वी शहरातून परत आला आणि बोटीला हिरवा रंग दिला. दोन हात. तेही ओघळलेले.

"बाबा, माझं नाव राहिलं का?"

बाबा ताटाकडेच बघत राहिले. "अगं, त्याचं नाव घातलं तर तो इथे टिकेल तरी. त्याचा पाय घरात ठरत नाही."

"आणि माझं?"

"तुझी काय काळजी? तू कुठे जाणार होतीस?"

एखादी नळी आतून तडकावी आणि बाहेरून काहीच दिसू नये, तसं झालं तिचं... आपली निष्ठा हीच आपल्याविरुद्धची साक्ष ठरली होती!

"राबणाऱ्याने राबावं, मिरवणाऱ्याने मिरवावं, ही आपल्या घरची रीतच आहे," आई म्हणाली आणि तिने भांडी जरा जोरातच गोळा केली.

धाकट्याचे कान लाल झाले. "ताई, मी नव्हतं हं सांगितलं."

"'नको' असंही नाही म्हणालास," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पहिल्यांदा लांब फेरीला निघाली, तेव्हा थोरली आईबरोबर काठावरच राहिली. जमलेले पाहुणे काठावरून हात हलवत होते, धाकटा सुकाणूपाशी उभा होता, बाबा भट्टीपाशी. चाकं फिरू लागली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. आवाजच नव्हता! मांजर चालावं तशी बोट चालली होती.

"आई, फळ्यांची खडखड कुठे गेली?"

"काल संध्याकाळी दोघांनी फटींत पत्र्याच्या पट्ट्या ठोकून बंद केली ना. पाहुण्यांसमोर डबा वाजल्यासारखं वाटतं म्हणे."

थोरलीने झटकन चाकांकडे पाहिलं. त्या फळ्या लाकडी खोबणींत फिरत होत्या, आणि कोरडं लाकूड पाण्यात फुगतं, म्हणून तर तिने प्रत्येक खोबणीत नखभर फट मुद्दाम सोडली होती! आता अर्ध्या तासात फळ्या आवळल्या जाणार, चाकं अडकणार, आणि प्रवाह बोटीला सरळ खालच्या अंगाच्या बंधाऱ्याकडे नेणार...

एक क्षण, फक्त एक क्षण तिला वाटलं, जाऊ दे. पाटीसकट जाऊ दे.

मग तिची नजर पायाशी गेली. नांगर काठावरच पडलेला होता. नव्या रंगावर ओरखडे नकोत म्हणून धाकट्याने तो ठेवून दिला होता!

नांगर उचलून तिने वल्ह्याच्या होडीत टाकला आणि होडी पाण्यात लोटली. ती मधल्या वळणावर पोहोचली तोवर चाकं थांबली होती, बोट आडवी होऊन वाहत होती आणि बंधाऱ्याचा घुमणारा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"ताई, काय करू?" धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नांगराचा दोर झेल आणि बांध. बाबा, भट्टीतली आग बाहेर ओढा, वाफ सोडा."

तिने पाण्यात सोडलेला नांगर रुतला. बोट हिसका देऊन थांबली. थोरली हातोडी घेऊन एका चाकावर चढली, धाकटा दुसऱ्यावर, आणि ती ओरडून सांगेल तशी एकेक पट्टी निघू लागली.

"पट्ट्या ठोकायला मीच सांगितलं," बाबा अचानक म्हणाले. "त्याला नको बोलूस. फट का सोडलीस, ते तुला विचारायला हवं होतं."

"नाव कोरायच्या आधीसुद्धा विचारायला हवं होतं, बाबा..." तिचा आवाज फाटला. "मी कुठे जाणार नव्हते, म्हणून तुम्ही मला हिशेबात धरलंच नाही."

बाबांनी काजळी लागलेल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते.

"ताई, मला रंगाशिवाय काही येत नाही," धाकटा पलीकडून म्हणाला.

"रंगही येत नाही तुला."

तो रडता रडता हसला. "मग शिकव. तुझ्या हाताखाली राहीन."

"माफ करशील?" बाबांनी विचारलं.

तिने स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं. तिथे अजून फार दुखत होतं. "ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी वाफ हवी."

बाबा दुखऱ्या गुडघ्यांवर भट्टीपुढे बसले. सहा वर्षं 'पाना दे, हातोडी दे' म्हणणाऱ्या त्या माणसाने फावडं हातात धरलं आणि मान वर करून लेकीकडे पाहिलं.

"किती घालू?"

"दोन फावडी," ती म्हणाली. "मग मला विचारा."